साडूंनी पाहिलेला परदेश

अमरावती जिल्ह्याने परदेशाला आजवर तीन वस्तू दिल्या: कापूस, संत्री आणि आमचे साडू. पहिल्या दोन गेल्या त्या गेल्याच. तिसरी तीन वर्षांनी परत आली, आणि जशी गेली होती तशीच्या तशी आली, असा तिचा स्वतःचा दावा आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव वलगाव, सासुरवाडी अकोला, हुद्दा सुभेदार, आता निवृत्त. नोकरीच्या अखेरीस त्यांची बदली भूतानातल्या एका उंच खोऱ्यात, आपल्या सैन्याच्या प्रशिक्षण पथकात झाली. हा परदेश आहे हे मान्य करणं त्यांना फार जड गेलं. परदेश म्हटला की समुद्र ओलांडावा लागतो, पैसे बदलून घ्यावे लागतात, एवढी त्यांची किमान अपेक्षा होती. इथे ते रेल्वेने आणि पुढे फौजेच्या गाडीने पोचले, सरहद्दीवर एक रंगीत कमान लागली, आणि पलीकडच्या चहावाल्याने त्यांच्या हातची आपलीच नोट मुकाट्याने गल्ल्यात टाकली. "परदेशात आलो म्हनून सांगाव तं कोन्या तोंडानं सांगाव? पैसे बी तेच!" ही त्यांची पहिल्या फोनवरची तक्रार. घड्याळ अर्धा तास पुढे करावं लागतं हे कळल्यावर त्यांना थोडं बरं वाटलं, पण घड्याळ त्यांनी पुढे केलं नाही. "वलगावात आठ वाजले म्हनजे आठ वाजले," असं म्हणून त्यांनी दुसरं घड्याळ घेतलं. उजव्या हातावर तिथली सरकारी वेळ, डाव्या हातावर वलगावची.

या बदलीत एक गोष्ट मात्र खरोखर नवी होती. कुटुंब सोबत नेता येत होतं. त्याआधीची सगळी नोकरी बर्फात आणि वाळवंटात गेली होती. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, लेकीला घेऊन अकोल्याला माहेरी राहिली होती. लेक गुड्डी तेव्हा तेरा वर्षांची होती. आपण तहसीलदारांना ओळखतो तशी ती वडिलांना ओळखत होती. ते सुट्टीवर आले की ही उठून उभी राहायची. ते विचारायचे, "अभ्यास?" ही म्हणायची, "चालू आहे, पप्पा." त्यानंतर दोघंही पंख्याकडे बघायचे. अकोला स्टेशनवर आम्ही त्यांना सोडायला गेलो तेव्हा साडूंनी मला बाजूला घेतलं. मी वर्तमानपत्रात असल्यामुळे ते मला नावाने हाक मारत नाहीत. "पेपरवाले, हजार रंगरूट बोलते केले मी. हे एक पोट्टी माह्यासमोर तोंड नाही उघडत. तीन वर्सं भेटले हायेत. मंग ते कॉलेजात जाईन, आन मी पेन्शनीत. तवा कोन कोनाशी बोलते?" एवढं बोलून त्यांनी सामानाची मोजणी सुरू केली. ही मोजणी त्यांनी आधी दोनदा केली होती.

माणसाला जे येतं तेच तो करतो. साडूंना गस्त घालता येत होती. "नवीन मुलूख पयले पायाखाली घालाचा," हा नियम त्यांनी घरच्यांना लागू केला आणि रोज संध्याकाळी बाजाराची पाहणी सुरू झाली. चढ-उतार पाहून ताई आठवड्याभरातच गुडघ्यांचं कारण देऊन माघारी फिरली. उरली गुड्डी, कारण पिशवी धरायला कोणीतरी लागतं. त्या गावात सगळ्या दुकानांना एकाच आकाराच्या निळ्या पाट्या आणि बऱ्याच पाट्यांवर लिहिलेलं, जनरल शॉप कम बार. साबण, तांदूळ, वह्या आणि दारू एकाच फळीवर. साडूंनी या व्यवस्थेचा गंभीरपणे अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला, "वलगावात हे चालू केलं, तं एकही नवरा किरान्याले नाही म्हननार नाही." प्रत्येक गोष्ट ते घरच्या मापाने मोजत. थंडीसाठी अमरावतीची डिसेंबरातली पहाट, उन्हासाठी सासुरवाडी. भूतानात ऊन नसल्यामुळे सासुरवाडीचा उल्लेख करायची संधी कमी मिळते, याची त्यांना खंत होती. हिवाळ्यात दुकानांत तिथली संत्री आली. ती गोड होती, हे ताईने फोनवर सांगितलं. साडूंनी एक सोललं, सावकाश खाल्लं, सालीचा वास घेतला आणि सांगितलं, "हे संत्रं नोहे." मग काय आहे, असं दुकानदारणीने विचारलं, तेव्हा ते हिंदीत म्हणाले, "संत्रे का चचेरा भाई है." आणि चुलतभावांच्या दोन पिशव्या भरून घेतल्या.

ही दुकानदारीण अंगाने भरलेली, शांत बाई होती. फौजी गिऱ्हाइकांमुळे तिला हिंदी चांगलं येत होतं. तिच्या दुकानाच्या छपरावर लाल मिरच्या वाळत घातलेल्या पाहून साडूंचा वऱ्हाडी अभिमान जागा झाला आणि त्यांनी तिला ठेच्यावर व्याख्यान दिलं. तिने ऐकून घेतलं आणि आतून एक वाडगा आणला. त्यात पनीरच्या रश्शात अख्ख्या मिरच्या होत्या. "साब, मिर्ची हमारे यहाँ मसाला नहीं है, सब्ज़ी है." देशाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आल्यामुळे साडूंनी वाडगा संपवला. डोळ्यांतून पाणी, कानांतून वाफ. घरी आल्यावर ताईने विचारलं, "कावून रडून राहिले?" ते म्हणाले, "तिखट नोहतं. दुकानात धूर होता." दुकानात चूल नव्हती, ही माहिती गुड्डीने नंतर मावशीला फोनवर दिली. त्या वेळी मात्र आईने पुन्हा विचारल्यावर ती म्हणाली, "हो मम्मी, धूर होता." साडूंनी तिच्याकडे पाहिलं. बापलेकीतला हा पहिला करार.

दुसरा करार खर्ऱ्याचा. तंबाखू आणि सुपारी घोटून केलेला खर्रा हा आमच्याकडे निम्म्या पुरुषांचा प्राणवायू आहे, आणि साडू त्याला अपवाद नव्हते. भूतानात खर्रा नाही. तिथे पानसुपारी असते, पण ती इतकी उग्र, की पहिल्याच तुकड्याला साडू घामाघूम होऊन दुकानाच्या पायरीवर बसले आणि आपल्या कानांना आग लागल्याचं त्यांनी जाहीर केलं. त्याच दुकानात दारावर पांढऱ्या चौकोनी तुकड्यांच्या माळा टांगलेल्या असत. ते याकच्या दुधाचं वाळवलेलं पनीर, छुरपी. एक तुकडा गालात धरला की दोन तास विरघळत नाही. साडूंनी पहिल्या दिवशी तो चावून पाहिला, दात चाचपला आणि म्हणाले, "हे खायाचं नोहे, बांधकामाचं सामान हाय." घरी तर त्यांनी यावर जाहीर टीका केली. पंधरवड्यात मात्र त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात त्या बांधकामाच्या सामानाचा कायमचा साठा राहू लागला. गाल फुगलेला दिसला की ताईला खर्ऱ्याचा संशय यायचा, आणि आपण नावं ठेवलेली वस्तू आपणच खातो हे कबूल करण्यापेक्षा साडू खर्ऱ्याचा आरोप सहन करायचे. खरं काय ते फक्त गुड्डीला ठाऊक होतं. परतीच्या वाटेवर तिचाही गाल फुगलेला असे.

तरीही ती त्यांच्याशी बोलत नव्हती. सोबत चालायची, ऐकायची, पिशवी धरायची, एवढंच. मग वसंतातला तिथला सण आला. किल्ल्यासारख्या मोठ्या मठाच्या अंगणात मुखवटे घातलेले भिक्षू दिवसभर नाचतात आणि लाल मुखवट्याचे विदूषक प्रेक्षकांमध्ये फिरून कोणाचीही टर उडवतात. साडू पहिल्या रांगेत, छाती पुढे काढून, दोन घड्याळं लावून उभे. अशा माणसाला विदूषक सोडणार कसा? त्याने शेजारी उभं राहून हुबेहूब तशीच छाती काढली. साडू चालू लागले, तो मागून तसाच चालू लागला. साडू थांबले, तो थांबला. साडूंनी डाव्या हातावरचं घड्याळ पाहिलं, त्याने आपलं रिकामं मनगट पाहिलं, मग दुसरं मनगट पाहिलं आणि गोंधळून डोकं खाजवलं. सारं अंगण हसलं. सुभेदारांची नक्कल करण्याची हिंमत त्यांच्या नोकरीत कोणी केली नव्हती. ताई घाबरली. पण साडूंचं लक्ष विदूषकाकडे नव्हतंच. गुड्डी पोट धरून हसत होती. "पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही असेच चालता! खरंच असेच!" साडू वळले आणि त्या विदूषकासमोरून, गरज नसताना, पुन्हा एकदा चालत गेले. त्यानंतर त्या परिसरातला एकही सण त्यांनी सोडला नाही. ताई म्हणायची, यांना भक्ती लागली. त्यांना विदूषक लागले होते.

शरदात मी आणि माझी बायको तिकडे गेलो तेव्हा घरात भुलाबाई बसली होती. आमच्याकडे भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली मातीच्या भुलाबाई-भुलोबाजवळ गाणी म्हणतात. रोज शेवटी बंद डब्यात खाऊ येतो; डबा वाजवायचा आणि आवाजावरून मुलींनी तो ओळखायचा. ओळखेपर्यंत खाऊ मिळत नाही. मखराला ज्वारीचे धांडे मिळाले नाहीत म्हणून साडूंनी बांबू लावले होते, आणि मूर्ती त्यांनी स्वतः केल्यामुळे भुलोबा सावधान स्थितीत उभा होता. जमलेल्या मुली सहा: एक गढवाली, दोन तमिळ, एक पंजाबी, दुकानदारणीची मुलगी आणि गुड्डी. साडूंनी फोटो आणि मजकूर परस्पर आमच्या दैनिकाकडे पाठवला होता आणि 'भुलाबाईच्या गाण्यांनी भूतान दुमदुमले' या मथळ्याखाली तो छापूनही आला होता. आमच्याकडे दुमदुमणे हे क्रियापद सहा माणसांपासून वापरता येतं.

खाऊचं खातं साडूंनी ताईकडून काढून घेतलं होतं. "हे बायांचं काम हाय, तुमी बाहीर बसा," ती म्हणाली. साडू म्हणाले, "डब्यात काय हाय हे गुपित असते. गुपित ठेवाले फौजीच लागते." ते उंबरठ्यावर बसत, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या बाहेर. महिनाभर त्यांनी गावातली दुकानं पालथी घालून मक्याचे पोहे, वाळलेले पीच, अक्रोड असं काय काय डब्यात घातलं आणि मुलींनी ते ओळखलं. तमिळ बहिणींपैकी धाकटी तर डबा हलायच्या आत उत्तर द्यायची. साडूंचा चेहरा दिवसेंदिवस उतरत गेला. कोजागरीला मात्र ते फार खुशीत दिसले. डब्याला कापड गुंडाळलं होतं. त्यांनी तो हलवला. आवाज आला नाही.

"हलवा!" पंजाबी मुलगी ओरडली. "चूक." "पेढा! लड्डू! केक!" "चूक, चूक, चूक." डबा पुन्हा हलला, पुन्हा काही नाही. मुली वैतागल्या. "अंकल चीटिंग करते हैं," धाकटी तमिळ म्हणाली. ताई म्हणाली, "सांगून टाका आता, लेकरं भुकेजले." साडू म्हणाले, "फौज हार मानत नाही. हे मानत असतीन तं मानू दे."

गुड्डी डब्याकडे बघतच नव्हती, वडिलांकडे बघत होती. मग उठली, उंबरठ्यापाशी गेली आणि म्हणाली, "डब्यात काईच नाही. खाऊ तुमच्याजवळ हाय." आणि तिने सरळ त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात हात घातला.

मूठभर छुरपी निघाली. ताई म्हणाली, "अगं बाई! हा खर्रा होता होय?" मुली टाळ्या पिटत होत्या, कोणीतरी दात मोडल्याचं नाटक करत होतं. साडू हरले होते. इतक्या आनंदाने हरलेला माणूस मी निवडणुकांच्या एवढ्या बातम्या करूनही पाहिलेला नाही. ते पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, "पेपरवाले, पोट्टीनं खिशात हात घातला न बाप्पा. डायरेक्ट खिशात!"

आता ते अमरावतीत असतात. सोसायटीच्या सभेत नळाचा प्रश्न निघाला की "तिकडं असं नसते" अशी सुरुवात करून सभासदांना वात आणतात. संत्र्याच्या मोसमात बाजारात फोड चाखून "बरं हाय, पन चुलतभावाची सर नाही" म्हणतात, आणि विक्रेता गोंधळून त्यांच्याकडे पाहतो. मनगटांवर घड्याळं अजून दोन आहेत. डाव्या हातावरचं मात्र आता अर्धा तास पुढे चालतं. गुड्डी पुण्याला शिकते. दर कोजागरीला साडू तिला फोन लावतात, कापडात गुंडाळलेला तोच डबा फोनजवळ नेतात आणि जोराने हलवतात. मी समोर बसलेलो असतो. काहीही ऐकू येत नाही.

"आला का आवाज?"

"नाही पप्पा, परत वाजवा. अं... शंकरपाळे?"

"चूक!"

"करंज्या? थांबा, सांगू नका. चिवडा?"

हे बराच वेळ चालतं. मध्येच जेवण, परीक्षा, मेसची भाजी, खोलीतल्या मैत्रिणीचं भांडण, असं सगळं येऊन जातं आणि पुन्हा डबा वाजतो. माझ्या बायकोने एकदा तिला विचारलं, तुला इतक्या वर्षांत कळत कसं नाही ग? ती म्हणाली, "मावशी, ओळखलं की ते शाब्बास म्हणतात आणि फोन ठेवून देतात."

ही माहिती मी साडूंना दिलेली नाही. ती त्यांना असावी, असा माझा अंदाज आहे. डबा ते उजव्या हाताने वाजवतात. डावा हात पूर्ण वेळ खिशात असतो.