अर्धा कोयता

स्क्रीनवर लाल पट्टी होती. ‘हिंसेची धमकी. हत्यार. टोळी. खातं कायमचं बंद.’ आणि ज्यामुळे हे घडलं तो मेसेज खाली होता:

‘टोळी आलीया. पंधरा कोयतं हायत. सोळावा आपला दोगांचा. ऊस गेला की गाठतो तुला. तवर जपून ऱ्हा.’

मी आधी हसले. मग पुन्हा वाचला आणि हसू गेलं. इतकं गोड मला आजवर कुणी लिहिलेलं नाही. लग्न ठरल्यावर आमच्या ह्यांनी पहिलं पत्र पाठवलं होतं, त्यात सांगलीचं हवामान होतं.

ज्यांच्या गावात ऊस नाही, त्यांच्यासाठी सांगते. माझं माहेर कुंडलचं, त्यामुळे हे मला शिकावं लागलं नाही. ऊस तोडणाऱ्या मजुरांच्या जथ्याला टोळी म्हणतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पंधरा कोयते म्हणजे पंधरा जोडपी. एकटाच गडी आला तर तो अर्धा कोयता. थोडक्यात, हा माणूस आपल्या मित्राला सांगत होता की आमच्याकडे तोड लागलीय, पंधरा जोडपी आलीत, सोळावं जोडपं आपलं. ऊस कारखान्याला गेला की येतो भेटायला.

यंत्राला त्यात गँग दिसली.

माझं काम कंटेंट मॉडरेशनचं. अ‍ॅपवर लोक जे लिहितात, त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे बघणं. आधी यंत्र चाळतं. त्याला शंका आली की ते माणसांच्या रांगेत येतं. त्या रांगेला आम्ही क्यू म्हणतो. मराठीच्या क्यूवर मी बसते, सांगलीत, घरातल्या मागच्या खोलीत. पूर्वी एका दैनिकात मुद्रितशोधक होते. ते बंद पडलं आणि ‘भाषातज्ज्ञ हवेत’ अशी जाहिरात दिसली. रुजू झाल्यावर कळलं की हे पुरुषांनी पुरुषांना भेटायचं अ‍ॅप आहे. घरी मी भाषांतराचं काम असंच सांगितलंय. पहिले काही दिवस मीच अवघडून बसायचे. मग दिसायला लागलं की ही माणसं बहुतेक वेळ ‘जेवलास का’ एवढंच विचारतात.

आणि चिडतात. फार चिडतात. ‘मी खरा माणूस हाय, हनुवटीला हात लावून फोटु पाठवला, तरी फेक म्हणता व्हय?’ ‘पैलवान लिवलं म्हणून बंद केलं, आवं मी खरंच पैलवान हाय.’ त्यांचं चुकतं असंही नाही. तक्रार केली की साचेबंद उत्तर जातं. त्या उत्तरांना टेम्प्लेट म्हणतात. आम्हाला स्वतःच्या शब्दांत एक ओळही लिहिता येत नाही.

तर कोयतेवाल्याचं प्रोफाइलवरचं नाव ‘शिवार’ होतं. फोटोत नुसता बांध. ज्याला मेसेज केला, तो ‘माळावरचा’, कवठे महांकाळकडचा, मेंढपाळ घरातला. दोघांनी एकमेकांना फोन नंबर दिले नव्हते. घरातला फोन दहा हातांत फिरतो. हे अ‍ॅप निदान कॅल्क्युलेटरच्या चिन्हामागं लपवता येतं. त्यामुळे त्यांचं जे काही होतं ते या एका चॅटमध्येच होतं. खातं बंद झालं की चॅट दोन्हीकडून नाहीशी होते. समोरच्याला कारण दिसत नाही. ब्लॉक केल्यावर जसं दिसतं, अगदी तसंच दिसतं.

शिवारनं अपील केलं होतं, म्हणजे निर्णय बदला असा अर्ज. ‘साहेब, म्या कुणाला मारीन? आमच्यात तोड लागलीया. कोयतं म्हंजी मानसं.’ त्यात ‘मारीन’ हा शब्द होता. यंत्रानं अपीलही फेटाळलं. दुसऱ्यांदा केलं तेव्हा ते माझ्यापर्यंत आलं.

मी आमच्या टीम लीडला फोन लावला. निखिल सर पुण्यात बसतात. माझ्या भाच्याच्या वयाचे आहेत, पण सर म्हणावं लागतं.

“मॅडम, मी ट्रान्सलेशन वाचलं. गँग आलीय, पंधरा हत्यारं आहेत, तुला पकडतो, तोवर सांभाळून राहा. यात शंका कुठंय?”

“सर, कोयता म्हणजे नवरा-बायको.”

“पुण्यात कोयता म्हटलं की काय होतं, माहितेय ना तुम्हाला?”

“ते पुण्यात. इकडं उसाच्या पट्ट्यात जोडपं होतं.”

“पॉलिसीत तसं लिहिलेलं नाही. क्लायंटकडे पाठवावं लागेल. पुरावा जोडा.”

क्लायंट म्हणजे अ‍ॅपची मूळ कंपनी, परदेशातली. मी कपाटातला शब्दकोश काढला. त्यात कोयता म्हणजे वाकड्या पात्याचं हत्यार असंच होतं. आयुष्यभर ज्या पुस्तकाच्या जिवावर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, ते नेमकं उलटलं. मग कुंडलला दादाला फोन केला.

“दादा, तुझ्याकडं यंदा कोयते किती?”

“मोप हायत. का गं?”

“कामाला पाहिजे.”

“तू भाषांतर करतीस न्हवं?”

“त्याचंच.”

“लय अवघड काम दिसतंय तुजं,” म्हणाला आणि एका बातमीचं कात्रण पाठवून दिलं. मथळा होता, ‘कोयत्यांअभावी ऊसतोड रखडली’. मी ते जोडलं, खाली समजावून लिहिलं आणि पाठवलं. मग वाट बघणं आलं.

वाट बघताना माळावरच्याचं तिकीट समोर आलं. तिकीट म्हणजे युजरची तक्रार. खरं तर ते जुनं होतं, शिवारचं खातं बंद व्हायच्या आधीचं. ‘आवं, ह्या मानसाला थांबवा. माज्या आप्पांस्नी भेटतो म्हणतोय.’ सोबत अ‍ॅपवरच्याच एका तिसऱ्या माणसाचा मेसेज होता: ‘आपल्या वडिलांची एकदा भेट घ्यावी म्हणतो. मुलाचं कौतुक त्यांच्याही कानी जायला हवं. त्याआधी आपण मला एकांतात भेटलात, तर ते टळू शकेल.’

एका शब्दाची चूक नव्हती त्या मजकुरात. मुद्रितशोधक म्हणून मी त्यात स्वल्पविरामही हलवला नसता. यंत्रानं त्यावर शिक्का मारला होता: ‘सौजन्यपूर्ण. उल्लंघन नाही.’ आणि त्याच्या भीतीनं ज्यानं ‘तवर जपून ऱ्हा’ लिहिलं, तो गुन्हेगार ठरला होता.

मी निकाल बदलून ‘धमकी’ केला. नियम असा की दोन तपासनिसांचं एकमत हवं. दुसरा तपासनीस कुठल्याशा शहरात होता. त्यानं लिहिलं, ‘थेट धमकी दिसत नाही. भाषा आदरयुक्त आहे.’ एकमत झालं नाही तर यंत्राचं खरं मानतात.

काही दिवसांनी माळावरच्याचं दुसरं तिकीट आलं.

‘त्या मानसाचं ऱ्हाऊ द्या. दुसरा एक व्हता, शिवार नावाचा. त्यानं मला ब्लॉक केलंय का? त्याला म्या समदं सांगितलं व्हतं. भ्याला असंल. भ्याला असंल तर ऱ्हाऊ द्या, पर तेवडं सांगा.’

एका खिडकीत तो विचारत होता की शिवार भिऊन पळाला का. दुसऱ्या खिडकीत शिवार तिसरं अपील करत होता. मध्ये मी बसले होते, आणि दोघांना जे हवं होतं ते एक वाक्य मला येत होतं. मी पुन्हा फोन लावला.

“सर, फक्त एवढं कळवू या, की समोरच्यानं ब्लॉक केलेलं नाही.”

“मॅडम, प्रायव्हसी. एका युजरची माहिती दुसऱ्याला नाही देता येत.”

“माहिती नाही हो सर, दिलासा.”

“त्याचं टेम्प्लेट नाहीये.” आवाज खाली गेला होता त्यांचा. वाईट माणूस नाही तो. “तुम्ही स्वतः काही लिहू नका हं. दोघांची नोकरी जाईल.”

माझ्या मनात आलं होतं. खोटं कशाला सांगू? कवठे महांकाळला माझी मावसबहीण दिली आहे. एसटीत बसावं आणि जावं, असंही वाटलं. पण जाऊन कुणाला विचारणार होते? त्याला शोधत फिरले असते, तर त्या सौजन्यपूर्ण माणसाचं काम मीच केलं असतं. मी टेम्प्लेट पाठवलं: ‘आपली सुरक्षितता आमच्यासाठी महत्त्वाची आहे.’ पाठवताना स्वतःची लाज वाटली.

क्लायंटचा निकाल आला तोवर दादाकडचा ऊस जाऊन खोडव्याला, म्हणजे तोडल्या बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या पिकाला, पाणीही सुटलं होतं. निकाल आमच्या बाजूनं होता. माझ्या टिपणाचं कौतुक झालं. महिन्याच्या मीटिंगमध्ये निखिल सरांनी माझं नाव घेतलं आणि सगळ्यांनी स्क्रीनवर टाळ्यांची चित्रं पाठवली. शिवारचं खातं उघडलं.

माळावरच्यानं आपलं खातं त्याआधीच काढून टाकलं होतं. काढलेलं खातं आणि त्यातली चॅट परत आणता येत नाही. आप्पांपर्यंत कुणी पोचलं की नाही, तो कुठं आहे, बरा आहे का, यातलं मला काहीही माहीत नाही आणि कधी होणारही नाही. तिसरा माणूस अजून अ‍ॅपवर आहे. त्याचं शुद्धलेखन आजही उत्तम आहे.

क्लायंटनं आणखी एक केलं. ‘कोयता’ हा शब्द मराठीपुरता सरसकट सुरक्षित ठरवला. मी टिपणात लिहिलं होतं की संदर्भ बघा. संदर्भ बघायला वेळ लागतो. पुढच्याच आठवड्यात कुणीतरी कुणालातरी ‘कोयत्यानं तोडीन’ लिहिलं आणि ते सुखरूप पोचलं. भाषा कळणारं माणूस कंपन्या नेमतात. त्याचं ऐकणारं माणूस नेमायचं राहून जातं.

खातं उघडल्यावर शिवारचं तिकीट आलं. ‘त्यो दिसंना. सोताहून गेला का तुमी काढला? तेवडं सांगा.’

दोघांनीही शेवटी ‘तेवडं सांगा’ म्हटलं होतं. माझ्यापुढे तीन टेम्प्लेटं होती. मी त्यातल्या त्यात बरं निवडलं: ‘आपली समस्या सोडवण्यात आली आहे. आपल्या संयमाबद्दल आभार.’

त्याचं उत्तर लगेच आलं.

‘बरं. टोळी गेली आमची. अर्धा कोयता ऱ्हायलाय.’

या वेळी लाल पट्टी आली नाही. कोयता आता सुरक्षित शब्द आहे.