काचेआडचं ऊन

“मोडलाय हे दिसतंय. कोणी मोडला, ते शोधायचंय,” माझे बॉस डॉ. हॅरिस लाइट बॉक्सवर एक्स-रे लावत म्हणाले. दहा महिन्यांच्या बाळाचा हात होता तो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात रेडिऑलॉजीची रेसिडेंट होते, म्हणजे एक्स-रे वाचायला शिकत होते. बाळ कुठून पडलं नव्हतं. अशा वेळी पहिला संशय घरच्यांवर जातो. सोशल वर्करने खोदून विचारलं, तशी बाळाची आई बोलून गेली, “सासूबाई रोज मालिश करतात, जरा दाबून.” झालं! नातवासाठी साताऱ्याहून आलेल्या आजींना बाळाजवळ जायची बंदी झाली.

मराठी येतं म्हणून मला त्यांच्याशी बोलायला पाठवलं. साडीवर मुलाचा ढगळ कोट घालून त्या कॉरिडॉरमध्ये बसल्या होत्या.

“डॉक्टरीणबाई, चार पोरं याच हातांनी वाढवली. माझा हात एवढा जड झाला का गं?”

मला भडभडून आलं.

मी परत एक्स-रेपाशी गेले. मोडलेली जागा सगळ्यांनी पाहिली होती. मी मनगट पाहिलं. तिथे हाडाचं टोक सरळ, रेखीव असायला हवं. इथे ते वाटीसारखं खोलगट होतं आणि त्याच्या कडा उसवल्यासारख्या दिसत होत्या.

“सर, हे रिकेट्स आहे.”

आपल्याकडे याला मुडदूस म्हणतात. हाडं मऊ राहतात. अंगडं घालताना हात जरा ओढला गेला तरी मोडू शकतो.

“न्यू जर्सीत? या काळात?” हॅरिस म्हणाले. “सिद्ध कर.”

रक्त तपासायला पाठवलं आणि मी सासू-सुनेला समोर बसवलं.

“आजी, बाळाला ऊन देता का?”

“देते की! रोज तेल लावून खिडकीशी घेऊन बसते. छान कोवळं ऊन येतं.”

“खिडकी उघडी असते?”

“बाहेर बर्फ असतो बाई! पोराला गारठवू होय?”

सून हळूच म्हणाली, “ऊन मिळतंय म्हणून मी व्हिटॅमिनचे ड्रॉप्स स्टॉप केले. तो थुंकून टाकायचा.”

कोडं सुटलं. कातडीवर ऊन पडलं की शरीर व्हिटॅमिन डी तयार करतं आणि त्याच्या जोरावर हाडं कणखर होतात. पण त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. ऊब आत येते, उजेड येतो, कामाचे किरण बाहेरच राहतात. त्यातून आपल्या सावळ्या कातडीला ऊन जास्तच लागतं आणि तिथला हिवाळा लांबलचक. आईच्या दुधातही हे व्हिटॅमिन बेताचंच असतं.

रक्ताचा रिपोर्ट तेच म्हणाला आणि बाळाला व्हिटॅमिन डीचे ड्रॉप्स पुन्हा सुरू झाले. हॅरिसनी स्वतः जाऊन सोशल वर्करला सांगितलं आणि बंदी उठली. सुनेने रडत बाळ सासूच्या मांडीवर द्यायला पुढे केलं. आजींनी हात मागे घेतले.

“नको गं. तूच घे. मला भ्या वाटतं.”

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. हाड जुळणार होतं, त्याची काळजी नव्हती.

जूनमध्ये बाळ तपासणीला आलं. हाडाची टोकं छान भरत होती, पण बाळाचे गाल आणि खांदे लालबुंद!

“हे काय?”

“आता मध्ये काच नाही हो,” आजी ऐटीत म्हणाल्या. “भर दुपारी अंगणात तेल चोळते रोज!”

मी त्यांना चांगलं झापलं. सकाळी थोडा वेळ, डोक्यावर टोपी, मग सावली. आणि ड्रॉप्स चुकवायचे नाहीत. हल्लीचे डॉक्टर तर तान्ह्यांना थेट ऊन नकोच म्हणतात. तोंडाने रागवत होते, पण मला इतका आनंद झाला होता की विचारू नका. आजींनी बाळ पुन्हा हातात घेतलं होतं.

धडा म्हणाल तर साधा. उन्हाला डोस असतो. मालिशला नसतो, असं आजींचं म्हणणं पडलं. ते मी खोडलं नाही.