जावयाच्या हातची चकाकी

गॅरेजात त्याला सगळे जावईबापू म्हणत, आणि जावईबापूंना त्या हाकेचा मनापासून वीट आला होता. सासऱ्यांच्या गॅरेजात गाड्यांना रंग मारता मारता लग्नाआधीची गिटार माळ्यावर जाऊन पडली, ती पडलीच. मग जुन्या बँडमधल्या मित्राचा फोन आला. त्यांचा गिटारवादक बँड सोडून चालला होता, दुसऱ्या शहरात वर्षभराचं काम होतं. महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते सांग, म्हणाला.

याने बायकोलाही फोनचा पत्ता लागू दिला नाही. जायचंच म्हणून गिटार माळ्यावरून काढली, तारा उतरवल्या आणि मागच्या गॅलरीत गिटारला गडद निळा रंग देऊन वर क्लिअरचे, म्हणजे पारदर्शक लॅकरचे, हात मारले. घासताना इतका उतावळा झाला की कडेला पॉलिश पेपर जास्त चालला आणि आतलं लाकूड डोकावलं. "कडा जपा" म्हणून गॅरेजभर सगळ्यांचं डोकं खाणारा माणूस हा! स्वतःलाच शिव्या हासडत त्याने पुन्हा रंग दिला. या वेळी नीट वाळू दिला, कडांना चिकटपट्टी लावली आणि पाणी मारत बारीक पेपरने घासलं. आधी सगळं पांढुरकं, मेलेलं दिसलं. मग कापडावर चकाकीचं कंपाउंड घेऊन तो चोळत बसला, आणि खिडकीचे गज त्यात लख्ख उमटले. आज सासऱ्यांना जाण्याचं सांगूनच टाकायचं, त्याने ठरवलं.

संध्याकाळी सासरे आले. गिटार उजेडात तिरकी धरून बघत राहिले.

"घरी केलीत? नुसत्या हाताने?"

"हो. बाबा, मला जरा बोलायचं होतं..."

"आधी मी बोलतो. गॅरेज तुमच्या हवाली करावं की नाही, धाकधूक होती. आज ती गेली. आता मी घरी बसायला मोकळा."

बायकोचे डोळे भरून आले. "बाबांनी असं कौतुक माझंसुद्धा कधी केलं नाही हो!"

सासरे भांडले असते तर तो ताडकन निघून गेला असता. कौतुकापुढे मात्र जाण्याचा विषय त्याने मागेच टाकला. कोंडल्यासारखं वाटलं, तरी तो हसला.

"ही काउंटरमागे लावा," सासरे म्हणाले. "गिऱ्हाइकाला काम दिसू दे. तारा नकोत, चकाकी झाकतात."

दुसऱ्या दिवशी त्यानेच भिंतीला ड्रिल मारलं. खिशात मित्राचा फोन वाजून वाजून थांबला.

"जावईबापू, इतकी उंच?" डेंट काढणाऱ्या कारागिराने विचारलं.

"खाली लावली की हात जातो."

"कोणाचा?"

"माझाच," म्हणत तो स्टुलावरून उतरला.