विमानाला दाखवायचा गहू

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कृषी महाविद्यालयात संशोधन करत होते. विमानातून एका खास फिल्मवर पिकांचे फोटो काढायचे. त्यात टवटवीत पीक लाल दिसायचं आणि तहानलेलं फिकट. माझ्या कामासाठी कामरगावच्या एका शेतकऱ्याने आपल्या गव्हातले दोन तुकडे दिले होते. एकाला नेहमीसारखं पाणी, दुसऱ्याचं मुद्दाम बंद. विमान एकदाच येणार होतं, आणि माझं सगळं संशोधन त्या दुसऱ्या तुकड्यावर टांगलेलं होतं.

शेतकऱ्याला मी भाऊ म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला वहिनी. वहिनींना माझा उद्योग मुळीच पटत नव्हता. "काहून मारून राह्यल्या वो ताई त्या गव्हाले?" भेटले की हेच. मी सगळं समजावून सांगायचे, त्या मान हलवायच्या. मला आपलं वाटायचं, पटलं!

विमान यायच्या आधीच्या आठवड्यात मला कॉलेजातून हलता आलं नाही. थेट विमानाच्याच दिवशी सकाळी एसटीतून उतरून वावरात गेले, तर काय! माझा तहानलेला तुकडा चिंब भिजलेला आणि गहू ताठ उभा. माझं डोकंच फिरलं.

"कोणी केलं हे? पार वाट लावली माझ्या कामाची!"

"आमीच पानी देल्लं," भाऊ शांतपणे म्हणाले. "तुमचे साहेब वरून पाहतीन, अन् तुमच्या तुकड्यात गव्हानं मान टाकलेली? काय म्हनतीन तुमाले?"

"अहो, तेच तर दाखवायचं होतं!"

"सुकलेलं कोनी दाखवते का, ताई?" वहिनींनी चहाचा कप पुढे केला. मी घेतला नाही. तेवढ्यात विमान घरघरत आलं. सगळ्यांनी हात हलवले. मी धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, तोंड फिरवून बसले होते.

फोटो आले तेव्हा गव्हाची सोंगणी उरकली होती. माझे मार्गदर्शक सर खूश. "वा, तहानलेला तुकडा काय स्पष्ट आलाय!" मी वाकून पाहिलं. माझे दोन्ही तुकडे लालभडक होते. फिकट दिसत होता तो धुऱ्यापलीकडचा, भाऊंचा स्वतःचा गहू. मी सरांना खरं ते सांगितलं.

"वाण तेच, पेरणी एकाच दिवसाची?" त्यांनी विचारलं. "मग हाच धरू."

काम वाचलं होतं. पण माझं चित्त लागेना. दुसऱ्याच दिवशी कामरगाव गाठलं.

"वहिनी, तुमचा गहू कसा काय सुकला?"

"इहिरीत पानी केवढंसं? तुमच्या तुकड्याले देल्लं, मंग आमच्याले कुठून राहीन?"

"अहो, पण विमानातून तुमचंही वावर दिसणारच होतं ना!"

"आमचं दिसलं तं दिसलं," त्या हसल्या. "तुमाले तं कोनी बोललं नाही ना?"

मी नुसती मान हलवली.

निघताना त्यांनी त्याच वावरातला गहू माझ्या पिशवीत ओतला. दाणे बारीक होते, सुरकुतलेले. "पोया चांगल्या होतात," त्या म्हणाल्या. एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन मी कारंजा येईपर्यंत रडत होते.