कुलूप न लागलेलं घर

वीर स्टेशनवर रिक्षा लावणारा मुरारी पाहुण्यांना बंदराची गोष्ट फार रंगवून सांगतो. दासगावच्या खाडीत गलबतं कशी यायची, महाडच्या पेठेत माल कसा उतरायचा, सगळं तोंडपाठ. स्वतः मात्र हा गडी तालुक्याबाहेर मुक्कामाला कधी गेला नाही.

त्याला कारण एक नारळ. बाप गेला तेव्हा दोघा भावांनी ग्रामदेवापुढे नारळ ठेवून शब्द दिला, की घराला कुलूप लावायचं नाही, शिमग्याची पालखी बंद दारावरून परत जाऊ द्यायची नाही. दोन-दोन वर्षं आळीपाळीने राहायचं ठरलं. थोरला म्हणून मुरारी आधी राहिला आणि तिथेच फसला. धाकटा दीपेश मुंबईला गेला तो तिकडेच रमला. घोंगडं मुरारीच्या गळ्यात पडलं, त्याला अठरा वर्षं झाली. त्या डोंगरातल्या वाडीत मुलगी द्यायला कोणी तयार होईना, म्हणून लग्नही राहिलं.

यंदा मात्र संधी आली. पोलादपूरच्या खोऱ्यात करवंदं लावून वाइन करणाऱ्या शर्मिलाताईंनी नाशिकला दुकान काढलं आणि मुरारीला तिकडे गाडी चालवायला बोलावलं. "दादा, तू जा, मी येतो ऱ्हायला," दीपेश फोनवर म्हणाला. शब्द देणं म्हणजे त्याच्या हातचा मळ.

आला तो दोन मित्र आणि एक पाठपिशवी घेऊन. पिशवी पाहूनच मुरारीने ओळखलं, हा राहायला आलेला नाही. तरी आशा सुटेना. त्याने तिघांना दासगावचा धक्का दाखवला, महाड ओलांडून खोऱ्यात नेलं. मित्र वाइनचे घोट घेत होते, तेव्हा शर्मिलाताईंनी विचारलं, "मुरारीभाऊ, सोमवारी निघताय ना?"

मुरारीने भावाकडे पाहिलं.

"नाय जमत रे दादा, पोरांची शाळा हाय," दीपेश म्हणाला. मग अगदी मनापासून बोलला, "पण तू जा. लाव कुलूप. देवाची माफी मी मागतो. माझं काय म्हणणं नाय."

मुरारीच्या डोळ्यांपुढे पालखी उभी राहिली. अंगणात ढोल थांबलाय आणि दाराला कुलूप.

"दुसरा कोणीतरी बघा, ताई," तो म्हणाला.

परतताना दीपेश मागे मित्रांसोबत बसला होता. मुरारीला त्याच्यावर चिडायचं होतं. अठरा वर्षं तो त्या रागावरच तर जगला होता. पण आज राग येईना. भावाने जा म्हटलं होतं, पाऊल मुरारीचंच निघालं नव्हतं.