मिलोची पांढऱ्या सीटांची गाडी

माझा धाकटा भाऊ मिलो कुचेरा. जन्मात त्याने पिकअपशिवाय दुसरी गाडी दारात उभी केली नाही. सरत्या थंडीत जुनी पिकअप कायमची बसली, तेव्हा भावजय लोरीन म्हणाली, "आता मोठी एसयूव्हीच घ्यायची. पाच नातवंडं आहेत. पिकअपमध्ये आपण दोघं बसलो की एक पोर उरतं."

"उरलेलं मागे हौद्यात बसेल. मी नाही का बसायचो?"

"म्हणूनच असा निघालास."

मिलोचं खरं दुखणं वेगळंच होतं. गुरांचा कारभार आता मुलाने हाती घेतला होता. त्यात पिकअपही गेली, की आपण गुरंवाले राहिलो नाही, नुसते म्हातारे उरलो, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. सकाळी गावच्या बेकरीत कॉफीला जमणारी मंडळी चेष्टेला टपलेलीच होती. त्यांच्या लेखी एसयूव्ही म्हणजे शहरातल्या बायकांची गाडी.

तरी लोरीनने गाड्यांच्या दुकानदाराकडून दोन दिवस वापरून बघायला एक आणलीच. सीटा इतक्या पांढऱ्या, की बसण्याआधी मी झगा झटकला. रविवारी आम्ही तिघं आणि पाची पोरं, सगळे एकाच गाडीतून चर्चला गेलो. मिलो अशी चालवत होता, जसं कुणी परक्याचं तान्हं त्याच्या मांडीवर ठेवलंय.

येताना गारठ्याचा पाऊस लागला. आमच्या कुरणाशी मिलोने ब्रेक दाबला. कुंपणापलीकडे एक पहिलटकरीण गाय उभी होती आणि तिच्या पायाशी चिखलात ओलंगिच्च वासरू पडलं होतं. मिलो नुसता लोरीनकडे बघत राहिला. आमच्याकडे चालवणाऱ्याच्या शेजारी बसेल त्याने उतरून फाटक उघडायचं, मग ती नवी नवरी का असेना.

लोरीनने आपल्या चर्चच्या बुटांकडे पाहिलं. "मिलो, ही गाडी आपली नाही."

"वासरू आपलं आहे."

"ठाऊक आहे मला. उतरतेय ना!"

आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतत तिने फाटक उघडलं.

मिलोने वासरू उचललं आणि अगदी मागच्या सीटवर पोरांच्या मांड्यांवर आडवं टाकलं. मागेही हीटरचा गरम वारा येत होता. पोरांनी स्वेटर काढून त्याला चोळचोळ चोळलं. अर्ध्या वाटेत टेसा किंचाळली, "आजोबा, त्यानं माझ्या झग्यावर शी केली!"

"केली? मग जगतंय बेटं!"

पोरांनी असा गलका केला, की वासराने मान उचलली आणि मागच्या काचेवर लाळेचं बरबट फासलं.

घरी आल्यावर लोरीनने दार उघडून आत पाहिलं. "ही आता कुठल्या तोंडाने परत द्यायची?"

"द्यायची कशाला? मागची ऊब बघितलीस? पिकअपमध्ये एवढी कुठून मिळणार?"

"बाई बाई! आणि तुझे कॉफीवाले?"

मिलोने बादली आणून सीटा घासल्या. लोरीन मागची काच पुसायला गेली, तेव्हा मात्र त्याने फडकं काढून घेतलं. "तेवढी राहू दे."

दुसऱ्या दिवशी मला काही राहवेना, मीही कॉफीला गेले. मिलोने गाडीची पाठ बेकरीच्या खिडकीकडे करून लावली. कॉफीवाल्यांतला एमिल हातात जॅम भरलेला गोड पाव, कोलाचे, घेऊन बाहेर आला. "काय रे, शहरात राहायला निघालास की काय?"

मग त्याची नजर काचेवर गेली. त्याने दार उघडून आत नाक घातलं.

"जगलं का?"

"सकाळी उठून प्यायलं."

"हं." एमिलने कोलाचेचा शेवटचा घास तोंडात टाकला. "आत चल. कॉफी निवतेय."