पोपटाची बाटली

मागच्या मंगळवारी मी आयुष्यात पहिल्यांदा दारूच्या दुकानाची पायरी चढले... मिरजेत, समोरच्या दवाखान्यात बहिणीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन चालू असताना. आमच्या आटपाडीत हे शक्यच नव्हतं. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली असती.

कारण होतं एक फोटो. हे जाऊन आठ महिने झाले, तेव्हापासून त्यांचा मोबाईल कपाटात बंद पडून होता. त्या मंगळवारच्या आधी लेक घरी आली होती, तिने तो चार्ज केला. एका फोटोत हे आमच्या डाळिंबाच्या बागेत उभे, हातात बाटली, आणि चेहऱ्यावर असं हसू की आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. बाटलीवर लाल कागद, त्यावर हिरवा पोपट. बाकी सगळं धूसर.

"सरबत असेल गं आई," लेक म्हणाली. पण माझ्याकडे न बघता.

चौतीस वर्षं यांच्या गळ्यात माळ होती, माझ्याही आहे. गल्लीतल्या किती बायका रात्री दाराकडे डोळे लावून बसायच्या, मी कधी बसले नाही. ते सगळं खोटं होतं का, एवढंच मला कळायला हवं होतं. गेलेल्या माणसासाठी रडता येतं... पण मध्येच संशय आला की रडूही अडकतं.

मिरजेच्या दुकानदाराने फोटो मोठा करून बघितला. "आवं काकू, बीअर हाय ही. क्राफ्ट बीअर म्हणत्यात. पुण्याकडं कोनतरी थोडी थोडी काढतंय, आमच्याकडं येत न्हाई. बाटली घावली तर मागं कंपनीचा नंबर असतोय, त्यास्नी इचारा." मग हळूच म्हणाला, "काका लय घेत्यात का?"

"घेत नाहीत," म्हटलं. मग "घेत नव्हते" म्हटलं, आणि पायऱ्या उतरले.

म्हणजे सरबत नव्हतंच. आता प्रश्न एवढाच, ती कोणी दिली आणि कोणाबरोबर प्यायली...

दुसऱ्या दिवशी सांगलीत तीन दुकानं हिंडले. दोघांनी मान हलवली. तिसऱ्याने काळ्या पिशवीत घालून एक बाटली पुढे केली, "हीच ती, लेबल बदललंय." मी पिशवी उघडून चष्मा लावला, तर त्यावर चक्क घोडा! शाळा माझी चौथीत सुटली, पण यांनी वाचनालयातून पुस्तकं आणून द्यायला सुरुवात केली तेव्हापासून मी पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नाही. मला घोडा दाखवून पोपट म्हणतोय.

तिथून लेकीकडे कराडला निघाले. हायवेजवळच्या एका मोठ्या दुकानात शेवटचं विचारलं.

"कुनासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"जावयासाठी."

"लय लाडाचा दिसतोय जावई. माझी सासू मला ताकबी मोजून देती." फ्रीजच्या मागून त्याने बाटली काढली... लाल कागद, हिरवा पोपट. "एकच राहिलीया. तारीख संपत आलीया, आधीच सांगतो."

लेकीच्या घरी जाण्याआधी मी स्टँडवर बाकावर बसले आणि पदराआड बाटली वाचायला घेतली. शेजारची बाई जरा सरकून बसली. मागची अक्षरं इंग्रजी, बारीक. एकेक अक्षर लावत गेले आणि एका शब्दाशी थांबले... पोमग्रॅनेट, म्हणजे डाळिंब. तो मला पाठ होता, आमच्या डाळिंबाच्या पेट्यांवर छापलेला असतो. आणि त्याच्या पुढे... आटपाडी.

तडकलेलं डाळिंब बाजारात कोणी घेत नाही. दोन वर्षं एक पिकअप येऊन ती न्यायची. "ज्यूसवाले आहेत," असं हे म्हणायचे.

खालचा नंबर लावला. एका मुलीने उचलला आणि आवाज मी लगेच ओळखला. पिकअपबरोबर यायची ती. माझ्या हातचा ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढायची आणि पुन्हा मागायची.

मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "काकू, तुम्हाला कळलं ना? काकांना बोलू नका. पहिली बाटली त्यांना दाखवायला आम्हीच आणली होती. थेंब नाही घेतला त्यांनी, फक्त वास घेतला. म्हणाले, आपली बागच आहे की यात! फोटो त्यांनीच काढायला लावला. पण म्हणाले, हिला सांगू नका. शेजाऱ्यांची द्राक्षं वाइनला गेली म्हणून हिने त्यांच्या घरचं पाणी सोडलंय."

खरं होतं ते. चार वर्षं मी त्या घरात पाण्याला शिवले नव्हते.

"त्यांचा फोन बंद लागतोय," ती म्हणाली, "आम्हाला वाटलं तुम्हीच आमच्याशी बोलायचं बंद करायला लावलंत. रागावलाय का अजून?"

तिला माहीतच नव्हतं. मला सांगावं लागलं. मग ती पलीकडे रडायला लागली, आणि भर स्टँडवर मांडीवर बीअरची बाटली घेऊन मीच तिची समजूत काढत बसले.

बाटली जावयाला दिली, म्हणजे निदान दुकानात मी खोटं बोलले असं तरी व्हायला नको. फोनवरच्या त्या मुलीला सांगितलं, या बहाराची तडकलेली डाळिंबं घेऊन जा. दारात पिकअप उभी कर, लपवू नकोस.

थेंबसुद्धा घेतला नाही यावर माझा अजून पुरता विश्वास नाही... फोटोतलं हसू जरा जास्तच आहे. पण आता घेतला असला तरी असू दे. मला सलतं ते वेगळंच. एवढा आनंद झाला होता त्यांना, आणि तो घरात येऊन सांगायची सोय मी ठेवली नव्हती.

काल संध्याकाळी त्याच द्राक्षवाल्या शेजाऱ्यांकडे गेले. वहिनींकडे पाणी मागितलं. त्यांनी काही न विचारता तांब्या भरून आणला, त्यांचे उपकार.